ओढू नका, वळवा!

सोलापूर म्हटलं की चादर, शेंगाचटणी आणि रणरणतं ऊन, एवढंच आठवतं ना? पण मंडळी, शहर मागे टाकून जरा नान्नजच्या दिशेने निघा. ज्वारीची शेतं, मध्येच पसरलेलं माळरान आणि वर भलंमोठं आकाश. माळढोक अभयारण्य पक्ष्यांचं, तिथे घोडा न्यायचा नाही. पण बाहेरच्या मोकळ्या माळावर खाली तापट, तगडा घोडा असला की वीकेंड सार्थकी लागलाच म्हणून समजा!

या जिल्ह्याला घोडा नवा नाही. भीमेकाठची भीमथडी तट्टं मराठ्यांच्या स्वाऱ्यांत गाजली. अकलूजला दिवाळीच्या सुमारास घोडेबाजार भरतो. तिथले मारवाडी, काठियावाडी घोडे बघाच. आत वळलेले कान, ताठ मान आणि डोकं एकदम गरम!

मी बसते तो अबलखही याच पंथातला. रिंगमध्ये गुणी बाळ, माळावर आला की वेगळाच. कारण साधं आहे. घोडा हा पळून जीव वाचवणारा, कळपातला प्राणी. झुडपामागून काळवीट उसळलं, प्लॅस्टिकची पिशवी फडफडली किंवा पुढचा घोडा दौडला, की त्याच्या डोक्यात एकच विचार, पळा!

अशा वेळी आपण घाबरून दोन्ही लगाम गच्च ओढतो. झालं! घोडा त्या ओढीवरच मान टाकून आणखी जोर लावतो. त्याचं वजन साडेतीनशे-चारशे किलो, आपलं साठ. या रस्सीखेचीत कोण जिंकणार? म्हणून ओढायचं, लगेच सैल सोडायचं, पुन्हा ओढायचं. खांदे मागे, टाचा खाली, श्वास मोकळा. पुढे वाकून पायांनी आवळलंत, तर त्याला वाटतं, अजून वेग हवाय.

तरीही ऐकत नाही? मग एका बाजूला मोठं वर्तुळ घ्या आणि ते हळूहळू लहान करत न्या. भरधाव असताना झटकन वळवलंत, तर पाय घसरून घोडा तुमच्यासकट आडवा होईल. वळायला जागा लागते, म्हणून दौडीआधी तो माळ कदम चालीने फिरून बघा. खड्डे, विहीर, तारेचं कुंपण, हायवेची बाजू, सगळं. आणि हेल्मेटला पर्याय नाही, बॉस!

आषाढी वारीत पुरंदवडे, खुडूस, वाखरीला माऊलींच्या पालखीचं रिंगण होतं. टाळ-मृदंगाच्या गजरात, हजारो वारकऱ्यांच्या मधोमध, स्वाराचा घोडा आणि पाठीवर कुणीच नसलेला माऊलींचा अश्व धावतात. तो भक्तीचा सोहळा, रायडिंगचा क्लास नव्हे. पण लगाम धरणाऱ्या माझ्यासारखीला तिथे एक गोष्ट दिसतेच. वेग तोच राहतो, फक्त त्याला गोल वाट मिळते.

सुमारे २४०० वर्षांपूर्वी ग्रीक सेनानी झेनोफनने लिहून ठेवलंय, की तापट घोड्याला शांतपणे, लांबवर, एकसारख्या चालीने न्यावं. फंडा आजही तोच. परतताना तबेल्याच्या दिशेने कधीच दौडवू नका, नाहीतर घर दिसलं की पळायचं हेच तो शिकेल. शेवटचा टप्पा चालत या. आठवडाभराचं ऑफिसचं टेन्शनही तोवर उतरलेलं असेल.