मी डोळा मारत नाही!

मित्रमैत्रिणींनो, शीर्षक वाचून हसू नका. मेसकडे जाताना दुपारच्या उन्हात माझा डावा डोळा आपोआप मिटतो. त्याचं कारण रोमँटिक नाही, मेडिकल आहे. मला 'इंटरमिटंट एक्झोट्रोपिया' आहे. म्हणजे एक डोळा कधी कधी बाहेरच्या बाजूला सरकतो आणि कधी कधी अगदी शहाण्यासारखा सरळ राहतो. सगळी गंमत आणि सगळा वैताग या 'कधी कधी'मध्येच आहे.

आमचं घर मोहन्याला, आंबिवली स्टेशनजवळ. मी लहान असताना उल्हास नदीच्या पलीकडच्या काठाकडे बघत उभा राहिलो की डोळा निसटायचा. ताप आला किंवा झोप आली की हमखास. आजी म्हणायची, तिरळा डोळा नशीबवान असतो. आईला नशीब नको होतं, डॉक्टर हवा होता.

पहिल्या दवाखान्यात सकाळी अकराला नंबर लागला. डॉक्टरांनी टॉर्च दाखवला आणि म्हणाले, "ताई, डोळे सरळ आहेत, उगाच काळजी करताय." आई म्हणाली, "अहो डॉक्टर, संध्याकाळी बघा ना एकदा!" विषय तिथेच संपला. दुसरीकडे डोळ्यासमोर प्रिझम धरून मोजलं, आकडा आला ३०, आणि 'ऑपरेशन करून टाका'. तिसरीकडे १८, 'थांबा'. आई म्हणाली, "पोरगं एक आणि आकडे तीन. खरं कुणाचं मानायचं?"

यात चेष्टा नाही. ऑपरेशनमध्ये डोळ्याचा स्नायू किती मिलिमीटर मागे सरकवायचा, हे याच आकड्यावरून ठरतं. जास्त सरकवला तर डोळा आत वळून एकाचे दोन दिसायची भीती. कमी सरकवला तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

इंजिनीअरिंगला आल्यावर कळलं की तिघांपैकी कोणीच खोटं बोलत नव्हतं. टॉर्चचा उजेड बुबुळावर कुठे पडतो हे बघणारी टेस्ट फक्त त्या क्षणाचं सांगते. पोरगं घाबरून टक लावून बघत असेल तर डोळा सरळच दिसणार. कव्हर टेस्टमध्ये डोळे आलटून-पालटून झाकतात. दोन्ही डोळ्यांची जोडी तुटते आणि लपलेला तिरळेपणा बाहेर येतो. तो प्रिझम डायॉप्टरमध्ये मोजतात: एक मीटर अंतरावर किरण एक सेंटिमीटर सरकला की झाला एक. पण नेहमीच्या प्रिझम बारवर २० नंतर थेट २५ येतं. म्हणजे लीस्ट काउंटच पाच! शिवाय जवळचं बघताना आकडा वेगळा, लांबचं बघताना वेगळा, आणि एक डोळा तासभर झाकून ठेवून मोजला तर अजून वेगळा.

त्यातही 'किती सरकतो' आणि 'किती वेळा सरकतो' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्यासाठी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये ० ते ५ अशी कंट्रोलची मोजपट्टी काढली. आधी तीस सेकंद नुसतं बघायचं, मग डोळा दहा सेकंद झाकून तो किती वेळात जागेवर येतो ते पाहायचं. एका सेकंदाच्या आत आला तर ०, सतत बाहेरच असेल तर ५. पण २००८ मध्ये त्यांच्याच पाहणीत दिसलं की एकाच मुलाचा कंट्रोल एकाच दिवसात बदलतो. म्हणून पुढे त्यांनी सुचवलं, एकाच भेटीत तीनदा मोजा आणि सरासरी काढा.

लॅबमध्ये आपण काय करतो? लूज कनेक्शन असलेलं सर्किट सरांसमोर बरोब्बर चालतं. म्हणून आपण 'फॉल्ट नाही' असं लिहीत नाही, वायर हलवून बघतो. माझ्या आईने मीटर न वापरता हेच केलं होतं. एका वहीत तारीख, वेळ, 'थकलेला', 'ताप', 'टीव्ही बघताना' असं लिहून ठेवलं होतं. शेवटी मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईंनी ती वही शांतपणे वाचली, मला वेगवेगळ्या वेळी तीनदा बोलावलं, खिडकीतून लांबच्या इमारतीकडे बघायला लावलं. दोन्ही डोळे मिळून खोली कळते का, तेही तपासलं. ते चांगलं निघालं. निर्णय झाला: ऑपरेशन नको, दर सहा महिन्यांनी तपासणी. आजपर्यंत तसंच चालू आहे.

तेव्हा हॉस्टेलकरांनो, घरी लहान भाऊ-बहीण, भाचा कोणी असेल आणि डोळा 'कधी कधी' सरकत असेल, तर त्याला चकणा म्हणू नका. मोबाईलवर व्हिडिओ काढा, खाली वेळ लिहा, आणि दवाखान्यात जमल्यास संध्याकाळी, दमलेला असतानाच न्या. डॉक्टर म्हणाले 'सरळ आहे', तर मान डोलवा, पण नम्रपणे एवढंच विचारा: "सर, अजून एक रीडिंग घ्याल का?"