चिवडा पोटात मावतो!

बॅरिअ‍ॅट्रिक (वजन घटवण्याची) शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचं पोट अर्ध्या भाकरीत भरतं, पण गप्पांच्या नादात वाटीभर चिवडा मात्र सहज संपतो. आहारतज्ज्ञ म्हणून दिवाळीत मला धास्ती असते ती या चिवड्याची. लाडवाची तितकीशी नाही. यातली जठराची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या अनेकांना गोड खाल्लं की दरदरून घाम फुटतो, छातीत धडधडतं, पोटात कळा येतात. साखर एकदम लहान आतड्यात उतरल्याचा हा परिणाम, त्याला डम्पिंग म्हणतात. एकदा हा प्रसाद मिळाला की माणूस आपणहून हात आखडता घेतो. चिवडा-चकली अशी शिक्षा देत नाहीत.

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढतात, मागे केळ्याएवढी नळी उरते. बायपासमध्ये तर जेमतेम 30 मिलिलिटरची पिशवी ठेवतात. चावून खायचं घट्ट अन्न तिथे काही वेळ थांबतं, म्हणून भूक भागल्याचं समाधान टिकतं. चकली, खारी, बिस्किटं चहाच्या घोटाबरोबर मऊ होऊन पुढे सरकतात आणि जागा पुन्हा रिकामी! सर्जनने एका वेळचं माप कमी केलेलं असतं. दिवसातून किती वेळा तोंड चालवायचं, हे मात्र पेशंटच्याच हातात.

सुरुवातीला हे लक्षात येत नाही. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. भूकच मंदावते, वजन भराभर उतरतं. दीड-दोन वर्षांत ही उतरण थांबते आणि मग कळतं, सवयी जुन्याच आहेत.

आपलं जेवण वरण-भातापासून सुरू होतं. मी पेशंटला हा क्रम उलटा करायला लावते: आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरलीच तर भाकरी, शेवटी भात. दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅम मिळतात, वाटीभर घट्ट वरणात जेमतेम तेवढीच. शाकाहारी घरात हे गणित जुळवताना घाम फुटतो. मग मटकीची उसळ, कुळथाचं पिठलं, पनीर, बिनसाखरेचा चक्का असं दिवसभरात विभागून द्यावं लागतं. कोकणातला पेशंट असेल तर बांगडा आहेच. प्रथिनं कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झडतात, शरीराला लागणारी ऊर्जा घटते आणि वजन अडून बसतं. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्यांना मी उपास सोडा म्हणत नाही (म्हटलं तर ऐकणार कोण?), दूध, दही, पनीर खा म्हणते.

जेवताना पाणी नको, जेवणानंतरही अर्धा तास नको. आमटीत कालवलेल्या पातळ भातालाही हाच नियम. बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे जन्मभर घ्यायच्या. बरं वाटतंय म्हणून त्या बंद करणारे पुढे रक्तक्षय किंवा हातापायांची बधिरता घेऊन येतात.

यंदा असं कुणी तुमच्याकडे फराळाला आलं, तर ताटलीत थोडी उसळ वाढा, आणि कृपा करून 'एवढंच?' असं विचारू नका.