कोबे ते हिरोशिमा : मोटारीच्या छपराखाली

जपानमधील कोबे हे शहर रोक्को पर्वताची रांग आणि समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीवर वसले आहे. स्थानकावरून उत्तरेकडे चढ चढत गेले की कितानो हा जुन्या विदेशी वस्तीचा भाग लागतो. तेथेच शुभ्र संगमरवरातील, 1985 साली उभारलेले भगवान महावीरस्वामींचे जिनमंदिर आहे. 1923 च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तेथील अनेक भारतीय व्यापारी कोबेस आले. पुढे मोत्यांच्या व्यापाराने आपली अनेक कुटुंबे या टेकडीच्या परिसरात स्थिरावली. माझा भाचा त्यांपैकीच एक. सांगलीच्या पेढीवरून निघून तो येथे आला, त्यास आता सव्वीस वर्षे झाली.

मोती पारखणारा मनुष्य एकाच गोष्टीचा शौकीन असावा, आणि ती म्हणजे उघड्या छपराची दोन आसनी मोटार, हे पाहून मला गंमत वाटली. गाडी जुनी, माझदा रोडस्टरच्या पहिल्या पिढीतील. 1989 साली शिकागोच्या प्रदर्शनात ती प्रथम जगासमोर आली. वजन एक टनाहूनही कमी. घोडा आणि स्वार एकरूप व्हावेत, तसे गाडी आणि चालक व्हावेत, ही तिच्या रचनाकारांची कल्पना होती. हलकेपणासाठी आवाज अडवणारे जड थर तिच्यात मुळातच बेताचे ठेवले आहेत, आणि डोक्यावर कापडी छप्पर.

या गाडीतून आम्ही प्रथम हिमेजीचा किल्ला पाहण्यास गेलो. अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटरचे. मला दोन्ही कानांना श्रवणयंत्र लागते. ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांना ते आहे, त्यांना ठाऊक असेल, की यंत्र बोलणे मोठे करते तसा गोंगाटही मोठा करते. द्रुतगती मार्गावर भाचा काहीतरी गंभीरपणे सांगत होता. मला केवळ त्याचे ओठ हलताना दिसत होते. अखेर मी यंत्रे काढून पिशवीत ठेवली आणि तोही गप्प झाला.

परतल्यावर त्याने ठरवले, की महिनाअखेरीच्या हिरोशिमाच्या प्रवासापूर्वी गाडीला कडक छप्पर बसवायचे. ओसाकातील जुन्या सुट्या भागांच्या एका दुकानातून ते मिळाले. ते काचतंतूयुक्त प्लॅस्टिकचे, मागे खऱ्या काचेची खिडकी असलेले, वजनाला साधारण वीस किलो असते. एकट्याने उचलावयास गेल्यास रंगाला ओरखडा ठरलेला. म्हणून त्याने लेकीला हाक मारली. कापडी छप्पर दुमडून आसनांमागे ठेवले, दोघांनी दोन बाजूंनी कडक छप्पर उचलून अलगद वर ठेवले, मागचे आकडे जुळवले, पुढच्या काचेच्या चौकटीवरील दोन्ही कड्या सैल अडकवल्या, बाजूचे अडसर लावले, आणि सर्व बाजूंची फट सारखी दिसल्यावरच कड्या आवळल्या. एकच कोपरा आधी घट्ट केला, तर दुसरा कायमचा उचललेला राहतो.

आता शांतता होईल, अशी माझी अपेक्षा होती. परंतु पहिल्याच फेरीत निराळाच अनुभव आला. वाऱ्याची फडफड गेली आणि तिच्याखाली इतके दिवस दडलेला चाकांचा घरघराट वर आला. शिवाय पोकळ छप्पर नगाऱ्यासारखे घुमू लागले. एक मोठा आवाज गेला की त्याने झाकलेला लहान आवाज उघडा पडतो.

भाच्याने मग व्यापाऱ्याच्या रीतीने प्रत्येक आवाजाचे स्वतंत्र खाते उघडले. पहिले खाते वाऱ्याचे. वाऱ्याचा आवाज गतीपेक्षा कितीतरी झपाट्याने वाढतो. म्हणून ताशी साठला मुकी असलेली फट शंभरला शिट्टी घालते. त्याने रबरी पट्टी आणि काच यांच्यामध्ये कागदाची चिठ्ठी धरून दार लावले आणि ती ओढून पाहिली. जेथे चिठ्ठी सहज निसटली, तेथे दाब कमी. या गाडीच्या दारांच्या काचांना वर चौकट नाही. काचेची कड थेट रबरावर टेकते. काचेचा कल किंचित आत घेतल्यावर आणि वाळलेल्या रबराला सिलिकोनचे वंगण दिल्यावर चिठ्ठी अडू लागली.

दुसरे खाते चाकांचे. टायर जुने होऊन कडक झाले होते. नवे, शांत नक्षीचे टायर घातल्याने जो फरक पडला, तो गालिच्याखाली कितीही थर घालून पडला नसता. कारण आवाज उगमापाशीच कमी झाला. तिसरे खाते थरथरणाऱ्या पत्र्याचे. बोटाच्या पेराने पत्रा वाजवून पाहायचा. जेथे डब्यासारखा वाजेल, तेथे ॲल्युमिनियमची पाठ असलेली ब्युटिलची चिकट पट्टी मधोमध लावायची. सगळा पत्रा मढवण्याची गरज नसते. साधारण चतुर्थांश भाग पुरतो. त्यावर बंद छिद्रांचा फोम, मग जड रबराचा पातळ थर आणि गालिचा. छपराच्या आतून जाड नमदा. कापडी छपरामागील पाणी वाहून नेणारी भोके मात्र त्याने आधी साफ करून उघडी ठेवली. ती बुजली तर पाणी तळाशी साचून पत्रा गंजतो.

सगळे मिळून आठ-दहा किलो वजन वाढले. भाचा प्रत्येक थर तोलून घेत होता. हलकेपणा हेच ज्या गाडीचे भांडवल, त्यातून किती खर्च करायचा, हा त्याचा प्रश्न होता. दहा डेसिबल कमी झाले तर कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. त्यापुढच्या प्रत्येक डेसिबलला वजन आणि पैसा वाढत्या दराने मोजावा लागतो. म्हणून पुरेसे झाले तेथे तो थांबला. पुरेसे म्हणजे किती? मावशीला बोलणे कळेल इतके.

हिरोशिमाचा मार्ग सुमारे तीनशे किलोमीटरचा. सान्यो द्रुतगती मार्ग डोंगर भेदत जातो. एक बोगदा संपेतो दुसरा लागतो. बोगद्यात भिंतींवरून आवाज परत येतो, म्हणून गाडीची खरी परीक्षा तेथेच. ओकायामाच्या पुढे विश्रांतिस्थळी आम्ही दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मग पुढच्या बोगद्यात, दिव्यांच्या पिवळ्या ओळीखालून जाताना, भाचा म्हणाला, “मावशी, पेढी आवरावी म्हणतो. लेकीला मोत्यांत रस नाही. आईला अजून सांगितलेले नाही.” प्रत्येक शब्द मला कळला. 1990 च्या दशकात जपानच्या अकोया शिंपल्यांवर मोठे संकट आले आणि ते मोठ्या संख्येने मेले. त्या पडत्या काळात उभी राहिलेली ही पेढी. मी लगेच सल्ला दिला नाही. “उधारी किती अडकली आहे, आणि कामावरच्या माणसांचे काय?” एवढेच विचारले. पुढचे दीड तास आम्ही तेच बोलत होतो.

हिरोशिमात ट्राम अजून धावतात. 6 ऑगस्ट 1945 च्या संहारानंतर तिसऱ्याच दिवशी एका टप्प्यावर त्या सुरू झाल्या होत्या. शांतता स्मारक पाहून आम्ही बराच वेळ नदीकाठी बसलो. दुसऱ्या दिवशी माझदाचे संग्रहालय पाहिले. हिजियामा टेकडीच्या आडोशामुळे हा कारखाना त्या दिवशी बचावला, आणि जिल्ह्याचा कारभार काही काळ त्याच्याच इमारतीतून चालला. आणखी एका गोष्टीने भाचा थबकला. ही कंपनी 1920 मध्ये मोटारींसाठी नव्हे, तर बुचाच्या लाकडाच्या धंद्यासाठी स्थापन झाली होती. पुढे यंत्रे आली, तीनचाकी मालगाड्या आल्या, मग मोटारी. धंदा बदलला, पेढी राहिली. तो फलकापाशी पुष्कळ वेळ उभा होता.

त्याचा निर्णय अद्याप झालेला नाही. दिवाळीचे खाते पूजन होईपर्यंत पाहू, असे ठरले आहे. अक्काला मात्र त्याने सारे सांगितले. कडक छप्पर हिवाळ्यापुरतेच असते. वसंत आला की ते उतरवून गुदामात दोरांनी टांगतात. ते काम दोघांचे. यंदा दुसरे टोक लेकीने धरले होते, असे परवा फोनवर तो म्हणाला.