बोटांखालची बाराखडी

संगणकशास्त्राच्या एका शाखेला ‘मानव-संगणक आंतरक्रिया’ असे भारदस्त नाव आहे. नाव ऐकून वाचकांनी दचकू नये. यंत्र किती वेगाने आकडेमोड करते हा या शाखेचा प्रश्न नव्हेच. यंत्रापुढे बसलेल्या माणसाचे बोट कोठे अडखळते, डोळा काय शोधत राहतो, हे तिचे प्रश्न. चूक झाली की सामान्य माणूस ‘आमचे वय झाले’ असे म्हणून स्वतःकडे दोष घेतो. या शाखेचे अभ्यासक म्हणतात, थांबा, आधी यंत्राची मांडणी तपासू. एवढ्या एका वृत्तीसाठीसुद्धा आम्हांला या मंडळींविषयी आदर वाटतो.

अभ्यास तसा जुना आहे. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली हाताच्या हालचाली मोजल्या आणि एक नियम मांडला: लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका तेथे अचूक पोचण्यास वेळ अधिक. सुईत दोरा ओवणाऱ्या कोणत्याही आजीला हे ठाऊक असते. फिट्स यांनी ते सूत्रात बांधले. पुढे १९८८ साली मेरीलँड विद्यापीठात एक साधी तुलना झाली. पडद्यावरचे पर्याय एकाखाली एक ठेवावेत, की बोटाभोवती वर्तुळात मांडावेत? वर्तुळात मांडले तर प्रत्येक पर्याय मध्यापासून सारख्याच अंतरावर येतो. त्या प्रयोगात वर्तुळाची सरशी झाली.

हे सारे परदेशातले झाले. आमच्या देवनागरीचे काय? इंग्रजीचा संसार सव्वीस अक्षरांत आटोपतो. आपण क पासून ळ पर्यंत चौतीस व्यंजने धरली, तर बाराखडीचीच घरे ४०८ होतात, आणि जोडाक्षरे अजून मोजलीच नाहीत. जुन्या मराठी टंकलेखन यंत्राने अक्षरांचे तुकडे करून हा प्रश्न सोडविला. त्या यंत्रावर ‘कि’ उमटवायची तर ऱ्हस्व वेलांटी आधी आणि क नंतर, कारण कागदावर ती आधी दिसते. यंत्राला उच्चाराशी कर्तव्य नव्हते.

संगणकासाठी इन्स्क्रिप्ट नावाचा जो कळफलक तयार झाला, त्याने ही रीत उलटवली. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोच्या प्रमाणात त्याला स्थान मिळाले. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. आधी क, मग वेलांटी, म्हणजे आपण बोलतो त्या क्रमाने. शिवाय क ची जी कळ मराठीत, तीच गुजरातीत, तीच तेलुगूत, तीच कन्नडात. आम्हां बडोदेकरांना, आणि हैदराबाद-बेळगावच्या आमच्या आप्तांना, याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मात्र टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्यांना या कळफलकाने फार छळले. आमच्या परिचयातील एक निवृत्त टंकलेखक शेवटपर्यंत वेलांटी आधीच दाबत राहिले. तीस वर्षांची बोटे ऐकेनात.

मग भ्रमणध्वनी आला, आणि कळा नखाएवढ्या झाल्या. फिट्स यांचा नियम येथे चांगलाच बोचतो. मुंबईला पवईच्या आयआयटीत १९६९ साली स्थापन झालेले इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर आहे. अक्षरकार र. कृ. जोशी तेथेच शिकवीत. संगणकावर आपण वर्षानुवर्षे पाहिलेला ‘मंगल’ टंक त्यांच्या हातचा. त्याच केंद्रातील प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांचे सहकारी भारतीय लिप्यांच्या कळफलकांवर दीर्घकाळ काम करीत आले. २००४ साली त्यांनी ‘कीलेख’ नावाचा कळफलक मांडला, आणि २०१३ साली ‘स्वरचक्र’ लोकांच्या हाती आले. त्यात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने, वर्गावर्गाने मांडलेली होती. क वर बोट टेकले की भोवती चक्र उमलावे, त्यात का, कि, की, कु; बोट हव्या त्या दिशेला सरकवावे आणि उचलावे. पाय मोडण्याची सोयही त्या चक्रातच. शाळेच्या भिंतीवरचा तक्ताच जणू तळहातावर आला.

आम्हांला यात सर्वांत मोलाची वाटते ती कल्पना निराळीच. या संशोधकांनी गृहीत धरले की माणूस यंत्राकडे कोऱ्या पाटीने येत नाही. क नंतर ख, त्यानंतर ग, हा क्रम त्याच्या डोक्यात लहानपणीच कोरलेला असतो. नवे काही शिकविण्यापेक्षा त्या कोरीव कामाचाच उपयोग करावा. विचार पटतो. पण लगेच एक शंका मनात येते, आणि ती आमच्यासारख्या स्थलांतरित घराण्यांनाच अधिक टोचेल. ज्याच्या डोक्यात हा क्रम कोरलेलाच नाही, त्याचे काय?

पाच पिढ्या आम्ही बडोद्यात आहोत. पणजोबांचे हिशेब मोडीत, आजोबांची पत्रे बाळबोधीत, वडिलांची आंतर्देशीये बाळबोधीतच, पण शाई जाऊन बॉलपेन आलेले. आमच्या मुलांच्या पिढीपासून पत्रेच थांबली. घरातली मंडळी आता दिवसातून दहा वेळा एकमेकांना मराठीत लिहितात, हे खरे. परंतु रोमन लिपीत. ‘kal’ या तीन अक्षरांचा अर्थ काल, काळ, कळ की कल, हे संदर्भावरून ताडायचे. दर्या आणि दऱ्या यांत समुद्र आणि डोंगर यांचे अंतर आहे, आचार्य आणि आचाऱ्यांच्या पंगती वेगळ्या. रोमन लिपीत ते सारे एका पत्रावळीवर येते. काही यंत्रे आता रोमन अक्षरांवरून देवनागरी करून देतात, बोललेले उतरवूनही घेतात. सोय आहे, आम्ही ती नाकारीत नाही. मात्र त्या सोयीत लिहिणाऱ्याला अक्षर ओळखावे लागते, आठवावे लागत नाही. आठवणे बंद झाले की ओळखणे किती दिवस टिकते, हे मोडीच्या बाबतीत आमच्या घरात दोन पिढ्यांत दिसून आले. पणजोबांची चोपडी आज कपाटात आहे, आणि ती वाचणारे कोणी नाही.

इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलांना निदान देवनागरी शाळेतच मिळते, फक्त ळ पाहुणा वाटतो. आमच्याकडे उलट. आमची नात इंग्रजी शाळेत जाते, तेथे गुजराती सक्तीची आहे, मराठी घरापुरती. तिला देवनागरी अडखळत वाचता येते. तरी गेल्या उन्हाळ्यात पुण्याच्या आत्याला तिने देवनागरीत संदेश लिहायला घेतला. वर्णमालेच्या क्रमाने मांडलेला कळफलक तिच्यापुढे ठेवला, तेव्हा आम्हांला वाटले, ही पहिल्याच ओळीत हरवणार. तसे झाले नाही. तिच्या डोक्यात क्रम होता. तो गुजराती शाळेतल्या बाईंनी घालून दिलेला होता, पण क्रम तोच. शिरोरेषा नसलेला ક तिने शिरोरेषेच्या क शी जुळवून घेतला आणि पुढची अक्षरे जागच्या जागी सापडत गेली. शेजारच्या भाषेने आमच्या लिपीची अर्धी वाट अशी राखून ठेवली होती, याची आम्हांला कल्पनाही नव्हती. तक्रारी मात्र आम्ही वर्षानुवर्षे शाळेत गुजराती आहे म्हणूनच करीत होतो.

‘बाळाला’ लिहिताना ती थांबली. ळ कोठे? आम्ही सांगणार, तोच ती स्वतःशी पुटपुटू लागली, श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ, आणि बोट शेवटच्या ओळीकडे गेले.