पऱ्हाटीची वीज

नागपूरहून इटारसीकडे निघालेली गाडी काटोल, नरखेड मागे टाकते आणि महाराष्ट्र संपतो. पांढुर्ण्याच्या फलाटावर मात्र कानाला ते कळत नाही. पाट्या हिंदीत, बोलणे मराठीत. आपल्या सीमाभागातल्या माणसाला ही गंमत नवी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते, तेवढ्यापुरते पांढुर्ण्याचे नाव वर्तमानपत्रात येते. एरवी इथली ओळख संत्री आणि कापूस. २०२३ साली पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके छिंदवाड्यातून वेगळे होऊन नवा जिल्हा झाला.

कापसाला कन्नडमध्ये हत्ती म्हणतात, यावर आपल्या घरातली मुले हमखास हसतात. वेचणी संपल्यावर बांधावर रचलेले पऱ्हाटीचे ढीग पाहिले की मराठी हत्तीच आठवतो! ती शेतात उभी ठेवली तर गुलाबी बोंडअळी मुक्काम करते, म्हणून काढायची घाई. चुलीपुरती घरी न्यायची, उरलेली पेटवायची.

या पऱ्हाटीतून वीज होते. वाळलेले तुकडे बेताच्या हवेत अर्धवट जाळले की ज्वलनशील वायू निघतो. तो थंड करून, त्यातला डांबरासारखा चिकटा काढून इंजिनाला द्यायचा. एका युनिटला साधारण एक ते दीड किलो इंधन लागते. हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी निघते. म्हणजे दहा किलोवॅटचे इंजिन रोज संध्याकाळी चार-पाच तास चालवले, तर एका हेक्टरात महिना सहज निघेल.

हे कागदावरचे नाही. शेजारच्या बैतूल जिल्ह्यात कसई गावात २००५ च्या सुमारास असे लहान केंद्र उभे राहिले. त्याआधी, १९८८ मध्ये, तुमकूर जिल्ह्यातल्या होसहळ्ळीत बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने लाकडावर हाच प्रयोग केला. दिवे लागले, पिण्याचे पाणी चढले, पिठाची गिरणी चालली.

मग सगळीकडे का नाही झाले? माझ्या मते यंत्रापेक्षा गाठ पडते ती माणसांच्या हिशेबाशी. पऱ्हाटी उपटायला मजूर, वाहायला गाडी, तुकडे करायला यंत्र, पावसाळ्यात कोरडी ठेवायला शेड. चिकटा साफ करणाऱ्याला पगार हवा, तो दिव्यांच्या वर्गणीतून निघत नाही. त्यात गावात तारेची वीज आली की लहान केंद्राकडे कोण बघतो? छिंदवाड्याच्या पेंच-कन्हान खाणींचा कोळसा तर उशालाच.

२०२१ साली केंद्राने औष्णिक केंद्रांना कोळशात शेतातल्या काडीकचऱ्याच्या गोळ्या मिसळायला सांगितले. बैतूलमधले सारणीचे केंद्र इथून फार लांब नाही. उद्या पऱ्हाटी तिकडे निघाली, तर शेतकऱ्याला टनामागे काय मिळते ते पाहावे लागेल. आणि सिलिंडर संपल्यावर ज्या घरात अजून पऱ्हाटीवर भाकरी होते, तिथे चुलीपुढे बसणाऱ्या बाईला आधी विचारावे लागेल.