शनिवारची रात्र आणि नातवाचा फुटबॉल



यंदा सप्टेंबर ते नोव्हेंबर आमच्या वडनेरच्या घरी शनिवारी रात्री साडेदहाला अमेरिकेतला फुटबॉल लागायचा. हसू नका. लेकीचा मुलगा ओहायोतल्या एका लहान कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. त्यांचे सामने कॉलेजच इंटरनेटवर दाखवतं. तिकडे दुपारचा एक, तेव्हा इकडे साडेदहा. आमचे हे पहिल्या अर्ध्या तासात घोरायला लागत. माझा रात्रिभोजनत्याग, त्यामुळे चिवड्याचीसुद्धा सोबत नाही. आणि पडद्यावर बघावं तो माणूस काहीतरी खातोय!

हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्हीकडे टोकदार, आणि बहुतेक वेळ हातातच. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांना. पार टोकाला पोचलं की 6 गुण, मग लाथेने खांबांमधून घातला तर आणखी 1. पोचणं जमत नसेल तर लांबूनच खांबांमधून मारायचा, त्याचे 3. मी बी.कॉम. झालेली, गुणांचा हिशेब पटकन जमला. खेळाची मिनिटं साठ, पण घड्याळ सारखं थांबतं आणि तीन तास सहज जातात.

चेंडूला तिकडे बोलीत डुकराचं कातडं म्हणतात, प्रत्यक्षात तो गायीच्या कातड्याचा असतो. हे कळलं त्या रात्री मी मोबाईल पालथाच ठेवला. नातू म्हणाला, "आजी, मी त्याला हात लावतच नाही गं. मला खेळवतात कुठे?" मी हसले.

तिथे कॉलेजांच्या खेळाच्या तीन पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर पैसाच पैसा. 1 जुलै 2025 पासून तर तिथली कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. आमच्या नातवाची तिसरी पायरी. खेळतो म्हणून शिष्यवृत्ती द्यायचीच नाही, असा तिचा नियम. तिथेही मोठी नावं आहेत, ओहायोतल्याच माउंट युनियनने तेरा वेळा विजेतेपद मिळवलंय. पण बहुतेक मुलं पहाटे उठून सराव करतात, फी भरतात, आणि शनिवारी दुखरे खांदे घेऊन अभ्यासाला बसतात. आमचा तर चार वर्षं कडेलाच उभा होता. संघात शंभरेक मुलं, मैदानात एका वेळी अकरा.

पहिला सामना 6 सप्टेंबरला, म्हणजे नेमका अनंत चतुर्दशीला. त्याला निर्जळी उपास करायचा होता. "मी तर उभाच असणार, झेपेल," म्हणाला. मी म्हटलं, उन्हात उभं राहायचं तर एकासन कर, पाणी पी, भाव महत्त्वाचा. ऐकलं पोराने.

मग दिवाळी आली. सकाळी निर्वाण लाडू चढवून झाला आणि त्याचा फोन आला. संघ तोवर चार सामने हरला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "चार वर्षं नुसतं उभं राहून मिळालं काय रे तुला?"

तो "बरं आजी" म्हणाला आणि फोन आईकडे दिला. पुढे तीन आठवडे फोन नाही.

हे वाक्य माझं नव्हतंच, मैत्रिणींनो. ते बाबांचं. 1978 साली मी कॉलेजच्या खो-खो संघात होते. नऊ जणी मैदानात, तीन राखीव. त्या तिघींतली मी एक. वर्षभर राखीवच राहिले, तरी रोज संध्याकाळी सरावाला जायची, पायांची सालं निघायची. शेवटच्या सामन्यासाठी परगावी जायचं होतं. बाबा म्हणाले, "तू खेळणार तर नाहीसच, जाऊन मिळणार काय?" मी गेले नाही. त्या सामन्यात आमची एक मुलगी जखमी झाली आणि राखीवातल्या एकीला आत घेतलं. ती मी असते की नसते, कुणास ठाऊक. पण आजही पाटावर बसले की पाय उगाच उठायच्या तयारीत असतात.

क्षमावाणी तर सप्टेंबरातच होऊन गेली होती. पुढच्या वर्षापर्यंत कुठे थांबू? मीच फोन लावला. म्हटलं, "चुकलं माझं. क्षमा कर." खो-खोचंही सांगितलं, जे मी त्याच्या आईलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. तो बराच वेळ गप्प. मग विचारलं, "आजी, तू शनिवारी बघणार ना?"

15 नोव्हेंबरचा शेवटचा सामना. तिकडची घड्याळं तासाने मागे गेलेली, त्यामुळे इकडे साडेअकरा. शेवटच्या वर्षाच्या मुलांचे आईबाप सुरुवातीला मैदानात येतात. लेक आणि जावई फुलं घेऊन त्याच्या दोन्ही बाजूंना चालले. मी ह्यांना हलवून उठवलं.

सामना हातचा गेला होता. शेवटच्या काही मिनिटांत त्याला आत घेतलं. चेंडू लाथाडून दिल्यावर अकरा जण समोर धावत सुटतात, त्यातला तो एक. पाठीवरचा आकडा दिसला, मग गर्दीत गेला. चेंडू दुसऱ्याच बाजूला होता. झालं, पाच-सहा सेकंद. मी पाटावरून उभी राहिले होते, हे ह्यांनी नंतर सांगितलं.

रात्री अडीचला वहीत हिशेब पुरा केला : सामने दहा, जिंकले चार, हरले सहा. सकाळी त्याचा निरोप आला होता, "आजी, दिसलो का?"