मूत्र कसे तयार होते? गाळणी, दप्तर आणि पाण्याची बाटली



उत्सर्जन संस्था शिकवायची म्हटलं की वर्गात आधी हशा पिकतो. 'लघवी' हा शब्द उच्चारला की मागच्या बाकावरची मुलं एकमेकांना कोपर मारतात, मुली खाली मान घालतात. मी त्यांना पाच मिनिटं हसू देते. हसून झालं की प्रश्न विचारायला मुलं मोकळी होतात.

वृक्क म्हणजे शरीराची गाळणी, असं आपण सगळेच सांगतो. मीही चहाची गाळणी वर्गात नेते. यंदा पाचवीतल्या एका मुलीने ती गाळणी हातात घेऊन विचारलं, "बाई, चहा गाळल्यावर चोथा वर राहतो आणि चांगला चहा खाली पडतो. मग लघवी तर खाली जाते. म्हणजे चांगलं खाली गेलं का?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. वृक्काचं खरं काम याच प्रश्नात दडलेलं आहे.

आपल्या पोटाच्या मागच्या बाजूला, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक वृक्क असतं. आकार घेवड्याच्या बीसारखा, मोठ्या माणसात लांबी साधारण 10 ते 12 सेंटिमीटर. प्रत्येक वृक्कात सुमारे 10 लाख अतिसूक्ष्म एकके असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. नेफ्रॉनच्या सुरुवातीला बारीक रक्तकेशिकांचा गुच्छ असतो, तो ग्लोमेरुलस. त्याभोवती कपासारखं बोमन्स संपुट असतं आणि पुढे लांब, वळणावळणाची नळी.

रक्त दाबाने या गुच्छात येतं तेव्हा गाळण होते. रक्तपेशी आणि मोठी प्रथिने आकाराने मोठी म्हणून रक्तातच राहतात. पाणी, क्षार, ग्लुकोज, अमिनो आम्ले आणि यकृतात तयार झालेला युरिया हे सगळं संपुटात उतरतं. म्हणजे त्या मुलीचं म्हणणं बरोबरच होतं. टाकाऊ पदार्थांबरोबर चांगलंही खाली जातं!

मग ते चांगलं परत कसं येतं? यासाठी मी एका मुलाचं दप्तर मागून घेतलं आणि विचारलं, "यातला कचरा कसा काढशील?" तो हात घालून चॉकलेटचे कागद शोधायला लागला. दुसरा म्हणाला, "बाई, दप्तर उलटं करू आणि आपलं तेवढं परत भरू." आम्ही तसंच केलं. मोठी नकाशावही आत अडकून राहिली, बाकी सगळं सतरंजीवर. पेन्सिल, पट्टी, वही, खोडरबर परत दप्तरात गेलं. उरले कागद, पेन्सिलीची टरफलं आणि कुठून आला कुणालाच माहीत नाही असा एक खिळा.

वृक्क हेच करतं. आधी जवळपास सगळं बाहेर काढतं, मग नळीतून जाताना उपयोगी पदार्थ निवडून शेजारच्या केशिकांमधून रक्तात परत घेतं. निरोगी माणसात ग्लुकोज जवळजवळ पूर्ण परत जातं. पाणी आणि क्षार गरजेप्रमाणे परत जातात. काही नको असलेले पदार्थ नळीच्या भिंतीतून रक्तातून थेट नळीतही सोडले जातात. शेवटी उरतं ते मूत्र. या पद्धतीचा मोठा फायदा त्या खिळ्याने दाखवला. ओळखीचं तेवढं परत घेतलं की अनोळखी वस्तू आपोआप बाहेर राहते.

पुढे फळ्यावर गणित मांडलं. मोठ्या माणसाची दोन्ही वृक्कं मिळून मिनिटाला साधारण 125 मिलिलिटर द्रव गाळतात. मुलांनी गुणाकार केला. तासाला साडेसात लिटर, दिवसाला 180 लिटर! 15 लिटरच्या 12 बादल्या! लगेच एकाने हात वर केला, "बाई, अंगात रक्तच पाच लिटर असतं ना?" खरं आहे. तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरून येतं आणि गाळलेल्यातलं सुमारे 99 टक्के पाणी परत रक्तात जातं. बाहेर पडतं ते साधारण दीड लिटर. ते मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात साठतं.

इथपर्यंतचा पाठ कुणीही शिकवेल. मला खरं बोलायचंय ते पुढच्या तासाबद्दल.

पाणी कमी प्यायलं की मेंदूकडून संप्रेरकाचा निरोप येतो आणि वृक्क जास्त पाणी परत घेतं. म्हणून लघवी कमी आणि गडद पिवळी होते. हे सांगून मी विचारलं, "शाळेत आल्यापासून कोण कोण पाणी प्यायलं?" मुलांचे हात वर झाले. मुलींचे तीनच. बाटल्या भरलेल्या, तशाच घरी जाणाऱ्या. मधल्या सुट्टीत मुलींना जवळ बसवून विचारलं तेव्हा कारण कळलं. "पाणी प्यायलं की जावं लागतं. तिथे कडी लागत नाही, बादलीत पाणी नसतं."

साडेदहा ते पाच. पण मूत्र तयार व्हायचं काम शाळेच्या वेळेत थांबत नाही. पाणी प्यायलं नाही तरी युरिया बाहेर टाकायला थोडं मूत्र बनवावंच लागतं. ते तासन्तास साठून राहिलं की जंतूंना वाढायला वेळ मिळतो. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असल्याने जंतू मूत्राशयापर्यंत लवकर पोहोचतात, आणि दुर्लक्ष झालं तर संसर्ग वृक्कापर्यंतही जाऊ शकतो. पाणी कायम कमी पडलं तर मुतखड्याचा धोका वाढतो.

आम्ही साध्या गोष्टी केल्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडला, एका पालकाने कडी बसवून दिली. बादली भरायची पाळी मुला-मुलींनी वाटून घेतली. दुसऱ्या आणि पाचव्या तासानंतर सगळे मिळून पाणी पितो, मीसुद्धा. तास चालू असताना कुणी करंगळी दाखवली तर कारण न विचारता सोडायचं, असं आम्ही सगळ्या शिक्षकांनी ठरवलं. एखादा मुलगा फिरायला म्हणून जाईल, जाऊ दे. त्याच्यासाठी खरी गरज असलेल्या मुलीला बसवून ठेवायला नको.

पालकांना एवढीच विनंती. मूल घरी आल्यावर दप्तराबरोबर पाण्याची बाटलीही बघा. ती भरलेलीच परत आली असेल किंवा मूल दारातून थेट बाथरूमकडे धावत असेल, तर रागावू नका. शाळेतलं स्वच्छतागृह कसं आहे ते विचारा आणि आम्हाला येऊन सांगा. लघवी करताना जळजळ होत असेल, पोटात दुखत असेल किंवा ताप असेल, तर घरगुती उपायात दिवस न घालवता डॉक्टरांना दाखवा.

आता आमच्या वर्गातल्या मुली पाचव्या तासाला बाटल्या उघडतात. सगळ्या अजून नाही. दोघी-तिघी अजून घोटभरच पितात. त्यांच्याशी बोलणं चालू आहे.